अपघाताचे बिल आणि सातबारा

गावात अपघाताची बातमी येते तेव्हा पहिला प्रश्न असतो, "जीव वाचला ना?" वाचला म्हटले की सगळे सुस्कारा टाकतात आणि आपापल्या कामाला लागतात. दुसरा प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही. तो घरातली माणसे रात्री दिवा मालवल्यावर एकमेकांना विचारतात: "पैसे कुठून आणायचे?"

वाचकहो, आजचा हा लेख या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. अपघातात मोडलेले हाड तीन-चार महिन्यांत जुळून येते. पण त्या हाडापायी घाईघाईने लिहून दिलेले खरेदीखत पुढच्या पिढीलाही सुटत नाही. दवाखान्याचे बिल हे देणे आहे, ते फेडले पाहिजे, यात वाद नाही. पण ते इतर कुठल्याही देण्यासारखे साधे देणे आहे. त्याला मुदत मागता येते, हप्ते पाडता येतात, त्यातला काही भाग सरकारी योजनेतून सुटतो आणि काही भाग ज्याच्या चुकीने अपघात झाला त्याच्याकडून वसूल होतो. एवढे सगळे मार्ग असताना आपण पहिला हात घालतो तो सातबाऱ्याला. तो शेवटचा असायला हवा.

समजा, एक शेतकरी बैलगाडी घेऊन संध्याकाळी घरी निघाला आहे. मागून ट्रक येतो, गाडीला ठोकर बसते. एक बैल जागीच जातो आणि शेतकऱ्याची मांडी मोडते. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात ऑपरेशन होते, मांडीत सळई बसते. बिल होते १,८०,००० रुपये. घरातले धान्य, शेळ्या, हातउसने असे करून ६०,००० जमतात. राहतात १,२०,०००. या एका लाख वीस हजारांचे पुढे काय होते, ते आपण पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: दवाखान्याच्या दारात

घाईत जवळचा दवाखाना गाठणे बरोबरच आहे. जखमी माणूस दारात आल्यावर आधी पैसे भरा, मग हात लावतो, असे कोणत्याही डॉक्टरला म्हणता येत नाही. सरकारी असो की खासगी, जखमीचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. १०८ नंबरची रुग्णवाहिका फुकट येते. रस्त्यावरून जखमीला उचलून आणणाऱ्यालाही पोलिसांनी किंवा दवाखान्याने अडकवून ठेवायचे नाही, आणि पैसे भरायलाही लावायचे नाही, असा कायदा आहे. तेव्हा कोणी रस्त्यात पडलेला दिसला तर भिऊन पुढे जाऊ नका.

रक्त थांबले, धोका टळला, की घरातल्या एकाने शांत डोक्याने तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली: "रस्ते अपघाताची कॅशलेस योजना इथे लागू आहे का?" मे २०२५ पासून केंद्र सरकारची ही योजना आहे. मोटार वाहनामुळे रस्त्यावर अपघात झाला, तर नेमलेल्या दवाखान्यात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होतात. जखमी श्रीमंत की गरीब, हे त्यात पाहिले जात नाही.

दुसरी: "महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना इथे आहे का, आरोग्यमित्र कुठे बसतो?" या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. शिधापत्रिका आणि ओळखपत्र लागते. सगळे उपचार सगळ्या दवाखान्यांत मिळत नाहीत, काही फक्त सरकारी दवाखान्यातच होतात. म्हणून ऑपरेशनच्या आधी विचारायचे. बिल भरून झाल्यावर पावती घेऊन गेलात तर पैसे परत मिळत नाहीत. इथेच पुष्कळ माणसे फसतात. आधी भरू, मग सरकारकडून मागू, असे त्यांना वाटते.

तिसरी: "हा दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा आहे का?" शहरातले अनेक मोठे दवाखाने ट्रस्टचे असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून अशा दवाखान्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागायची नाही, असेही त्यात आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका दाखवून तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे.

आणि एक चौथी गोष्ट, जी विचारायची नसून मनात ठेवायची. रुग्ण हलवण्याजोगा झाला की जिल्हा रुग्णालयाचा विचार जरूर करा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. "लोक काय म्हणतील, सरकारीत टाकला" या एका वाक्यापायी किती घरांनी एकर-एकर रान घालवले, ते आठवून पाहा.

केसपेपरवर काय लिहिले गेले?

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "काय झालं?" पोलिसांची झंझट नको म्हणून आपला माणूस सांगतो, "पाय घसरून पडला." डॉक्टर तसे लिहितात. सहा महिन्यांनी भरपाई मागायला गेल्यावर विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो. एका वाक्याने दावा बुडतो.

म्हणून खरे ते पहिल्याच दिवशी सांगा: कुठे, किती वाजता, कोणत्या गाडीने ठोकरले, गाडीचा नंबर काय. अपघाताची नोंद एमएलसी म्हणून झाली आहे ना, हे पाहा. पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवा, तिची प्रत मागून घ्या. ती फुकट मिळते. पंचनामा होईपर्यंत शक्यतो गाडी आणि बैल हलवू नका, आणि हलवावेच लागले तर आधी फोटो काढून ठेवा. मेलेल्या बैलाची भरपाईही त्याच दाव्यात मागता येते. त्यासाठी पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा.

बिलाच्या खिडकीशी

आता आपला शेतकरी बरा होऊन घरी जायला निघाला आहे आणि १,२०,००० बाकी आहेत. खिडकीतला माणूस म्हणतो, "बाकी भरा, मगच सुट्टी."

इथे दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. बिलासाठी बरा झालेला रुग्ण अडकवून ठेवता येत नाही. आणि दुर्दैवाने माणूस दगावला तर बिलासाठी प्रेत अडवता येत नाही. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य दरांचा फलक दवाखान्यात लावावा लागतो. त्यातच प्रेत अडवण्याला मनाई आहे. अडवणूक झालीच तर भांडण न करता ११२ ला फोन करावा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्यावी.

पण याचा अर्थ बिल बुडवावे असा नाही. डॉक्टरलाही नर्सांचे पगार आहेत, औषधवाल्याचे देणे आहे. सरळ जाऊन बोलावे. आधी बाबवार बिल मागा: खोलीचे किती, ऑपरेशनचे किती, सळईचे किती, औषधांचे किती. बाबवार बिल मिळणे हा तुमचा हक्क आहे. घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा सुनेला ते वाचायला बसवा. एकच सलाइन दोनदा लागले आहे का, सुट्टी झाल्याच्या दिवसाचे भाडे लागले आहे का, हे पाहा. मग सवलत मागा आणि राहिलेल्याचे हप्ते मागा. पीक हाती येण्याच्या महिन्यांना जोडून हप्ते पाडले तर ते निभतात. ठरले ते साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करावी आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

तीन कागदांवर मात्र सही करू नका.

कोरा स्टँप पेपर. त्यावर नंतर काय लिहिले जाईल, ते तुमच्या हातात राहत नाही.

पुढच्या तारखेचा चेक. खात्यात पैसे असण्याची खात्री नसेल तर तो देऊ नका. बिल थकले तर तो दिवाणी मामला असतो, त्यासाठी कोणी तुरुंगात जात नाही. पण चेक परत गेला की तो फौजदारी मामला होतो. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, अशी शिक्षा कायद्यात आहे. साधे देणे आपल्याच हाताने गुन्ह्याच्या रांगेत नेऊन बसवू नये.

न वाचलेला भरतीचा फॉर्म. धावपळीत शेजारी किंवा मेहुणा सही करतो. त्यात "बिलाची जबाबदारी माझी" असे छापलेले असेल तर उद्या मागणी त्याच्याकडे येते. उपकार करणाऱ्या माणसाला अडचणीत घालू नका. नात्याचा रकाना वाचा, मग सही करा.

सावकाराच्या ओसरीवर

बाकीच्या १,२०,००० साठी आपला शेतकरी सावकाराकडे गेला असे धरू. दर शेकडा पाच, महिन्याला. म्हणजे दरमहा ६,००० रुपये नुसते व्याज, वर्षाला ७२,०००. तीन वर्षांत व्याजच २,१६,००० होते आणि मुद्दल आहे तिथेच उभे. शिवाय "विश्वासापुरते" म्हणून एक एकराचे खरेदीखत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ साली आला. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकारानेही शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला शेकडा नऊ आणि तारण नसेल तर वर्षाला शेकडा बारा यापेक्षा जास्त व्याज घ्यायचे नाही, असा दर त्या कायद्याखाली ठरवून दिलेला आहे. म्हणजे १,२०,००० चे तारणावर वर्षाचे व्याज १०,८०० आणि तीन वर्षांचे ३२,४००. कुठे बत्तीस हजार आणि कुठे सव्वादोन लाख! चक्रवाढ व्याजाला मनाई आहे. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचे नाही, हा आपल्या वाडवडिलांचा दामदुपटीचा नियमही त्या कायद्यात आहे.

ज्यांनी आधीच लिहून दिले आहे त्यांनी हताश होऊ नये. बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल, मग ती गहाण म्हणून असो, खरेदीखताने असो की नुसती ताब्याने, तर अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतले असे व्यवहार तपासून जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांना आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे अर्जाची चौकशी करावी. व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, साक्षीदार, त्या काळातला पीकपेरा, जे हाताशी असेल ते जोडावे.

पैसे उभेच करायचे असतील तर आधी दवाखान्याचे हप्ते, मग बचत गट, मग बँकेतले सोनेतारण. दागिना गेला तर बाईच्या जिवाला लागते, हे खरे. पण दागिना दोन सुगींत सोडवता येतो, गेलेले शेत सुटत नाही. शेताचा निर्णय एकट्या पुरुषाने रात्रीत करू नये. घरातल्या बायकांना, भावाला विचारून, दिवसाउजेडी करावा.

भरपाईचा दावा

आपल्या शेतकऱ्याला ठोकरणारा ट्रक सापडला आहे, त्याचा विमा आहे. मग दवाखान्याचे बिल अखेर कोणी द्यायचे? ट्रकमालकाने, म्हणजे त्याच्या विमा कंपनीने. त्यासाठी जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असते. अपघात जिथे झाला तिथे किंवा तुम्ही जिथे राहता तिथे, कुठेही दावा लावता येतो. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा लावण्याची मुदत कायद्यात आली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नका. सहा महिने म्हणजे एक हंगाम, तो कधी सरला कळतही नाही.

दाव्यात काय मागता येते? भरलेले बिल तर येतेच, पण न भरलेले, बाकी असलेले बिलही मागता येते. "आमचे इतके येणे आहे" असे दवाखान्याचे पत्र घेऊन ते जोडावे. सळई काढण्याचे पुढचे ऑपरेशन, गाडीभाडे, सोबत राहणाऱ्या माणसाचा खर्च, बुडालेली मजुरी, दुःख आणि त्रास, हेही मागता येते. डॉक्टरने दाखल्यात वीस टक्के अपंगत्व लिहिले म्हणून कमाईचे नुकसान वीसच टक्के धरायचे असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालच्या एका निकालात हे स्पष्ट केले आहे. हात गेला तर गाडी चालवणाऱ्याची किंवा सुताराची रोजीच जाते, कारकुनाचे काम मात्र चालू राहू शकते. नांगरामागे चालणाऱ्याचा पाय आखूड झाला, तर त्याचा अर्थ काय होतो हे न्यायाधीशांपुढे तपशिलाने मांडले पाहिजे. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही न्यायालये पैशात मोल देतात. "ती घरीच असते" असे जबाबात सांगू नका. धारा, शेण, खुरपणी, स्वयंपाक, सगळे सांगा.

ठोकरून पळालेली गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. त्यासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करावी. अपघातात शेतकऱ्याचा मृत्यू झाला किंवा डोळा, हात, पाय गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे: मृत्यूला दोन लाख, दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक गेल्यास एक लाख. यात साप, वीज, विहीर, मळणीयंत्र असे शेतातले अपघातही येतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा, आणि तो लगेच.

एक इशारा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे भरून जत्रेला, लग्नाला नेली जातात. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा असतो. ट्रॉलीत बसलेल्यांसाठी विमा कंपनी बहुधा हात वर करते आणि भरपाईचा बोजा ट्रॅक्टरमालकावर, म्हणजे पुन्हा एका शेतकऱ्यावर येतो.

दुसरा इशारा. दवाखान्याच्या आवारातच कोणी भेटतो आणि म्हणतो, "केस मी चालवतो, मिळेल त्यातले तीस टक्के द्या." निकालातल्या पैशात वाटा ठरवून फी घेणे वकिलांना नियमानेच मना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. फोन १५१०० आहे.

निकालाला वर्षे लागतात, पण दावा लावल्यापासूनचे व्याज न्यायाधिकरण देऊ शकते. मंजूर रकमेतला मोठा भाग पुष्कळदा बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवला जातो, पैसा उधळला जाऊ नये म्हणून. दवाखान्याची बाकी असेल तर तेवढी रक्कम आधी मोकळी करावी असा अर्ज कागदांसह करावा.

वसुलीला माणूस आला तर

घाबरू नका आणि शिवीगाळही करू नका. त्याला विचारा: कोणाकडून आलात, ओळखपत्र दाखवा, किती बाकी आहे ते लिहून द्या. बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या वसुली माणसाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकावायचे नाही, नातेवाइकांत बदनामी करायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. दवाखान्याला बिल वसूल करायचे असेल तर तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो. कोर्टाच्या हुकमाशिवाय कोणालाही गोठ्यातला बैल सोडून नेता येत नाही. हुकूम झाला तरी शेतकऱ्याचे राहते घर, पोट भरण्यासाठी लागणारी अवजारे, गुरे आणि बियाणे जप्तीतून वगळलेली आहेत. शेतजमिनीला मात्र हे संरक्षण नाही, म्हणून कोर्टाची नोटीस आली तर ती परत पाठवू नका. घ्या आणि तारखेला हजर राहा.

कर्ता माणूस गेला आणि बिल राहिले, तर वारसांवरची जबाबदारी त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. मुलाने स्वतःच्या मजुरीतून फेडलेच पाहिजे अशी सक्ती कायदा करीत नाही. अर्थात मुलाने स्वतः सही केली असेल तर गोष्ट वेगळी.

एक पिशवी

शेवटी एकच काम सांगतो, आणि ते घरातल्या ज्या माणसाचा हात नेटका असेल त्याने अंगावर घ्यावे. अपघाताच्या पहिल्या दिवसापासून एक पिशवी करा. तिच्यात केसपेपर, एमएलसीची नोंद, फिर्यादीची प्रत, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, औषधांची पक्की बिले, सळईच्या डब्यावरचे लेबल, एक्स-रे, गाडीभाड्याच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड, बाकीचे पत्र. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची शाई वर्षभरात उडून जाते, त्यांच्या झेरॉक्स लगेच काढा. मूळ कागद पावती घेतल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नका. वकिलाच्याही नाही.

आपल्या शेतकऱ्याच्या १,२०,००० पैकी काही योजनेत सुटतील, काही सवलतीत जातील, काही दोन सुगींच्या हप्त्यांत फिटतील आणि उरलेले ट्रकच्या विम्याकडून येतील. वेळ लागेल, खेटे घालावे लागतील. पण पाय बरा झाल्यावर तो ज्या रानात उभा राहील, ते रान त्याचेच असेल.